चार नंबरच्या दारावरचे ऊन

उंच पठारावरच्या ओरुरो या खाणींच्या गावात ऊन आधी दिसते आणि फार उशिरा लागते. डोंगराआडून सूर्य वर येण्याच्या कितीतरी आधी आकाश पितळेसारखे उजळते, आणि खाली इस्पितळाच्या अंगणात मात्र रात्र फरशीच्या फटींत मुरून बसलेली असते. मग पूर्वेकडच्या प्रसूतिगृहाच्या पत्र्यावरून एक तिरीप सुटते आणि समोरच्या भिंतीच्या अगदी माथ्याला, जिथे कबुतरांच्या विष्ठेने चुन्यावर पांढऱ्या रेघा ओढल्या आहेत तिथे, टेकते. तिथून ती उतरू लागते. उतरते म्हणावे, तर डोळ्यांना हलताना कधीच दिसत नाही. आपण क्षणभर दुसरीकडे पाहावे आणि परतून यावे, तो ती बोटभर खाली आलेली असते. गंजलेल्या पन्हळीवरचे दहिवर त्या जागी आधी काळे पडते, मग त्यातून वाफेची एक धूसर दोरी वर जाते. मग भिंतीच्या पिवळ्या रंगाचे पोपडे, एकेक पोपडा आपापल्या सावलीसह. मग खिडक्यांच्या वरच्या काचा. खाली अंगणात माणसे घोंगड्यांतून नाकाचे शेंडे तेवढे बाहेर काढून उभी असतात आणि मान वर करून त्या उजेडाकडे पाहतात. तो आपल्यापर्यंत येईल तेव्हा येईल, हे त्यांना जन्मापासून ठाऊक असते. शेवटी तो दारांच्या कपाळाशी पोचतो. चार नंबरच्या दारावर प्रथम वरची बिजागरी उजळते, नंतर पत्र्याचा आकडा, आणि खूप वेळाने, कुलूप.

लिम्बेर्त चोके रोज सकाळी हे पाहत असे. इस्पितळाने त्याला पाहण्यासाठीच नेमले होते. पण त्याने घड्याळाकडे पाहावे म्हणून, भिंतीकडे नव्हे.

तो सव्वीस वर्षांचा होता, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी खांद्याकडे पाहायची त्याची सवय होती. रुग्णांचे ताटकळणे कमी करायचे, या कामासाठी त्याला एक वर्षाचा करार मिळाला होता. त्याने शिकलेली पद्धत दूर जपानातल्या मोटारींच्या कारखान्यात जन्मली होती. वाट पाहणे, विनाकारण चालणे, शोधाशोध, तेच ते पुन्हा लिहिणे असे कामात जे जे वाया जाते, ते डोळ्यांना दिसेल असे मांडायचे आणि मग काढून टाकायचे. संचालिकाबाईंच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर त्याने खाकी कागदाचा लांब पट्टा लावला होता. फाटकापासून औषधाच्या खिडकीपर्यंत रुग्ण कसा जातो, त्याची वाट तिथे काढली होती. प्रत्येक टप्प्यावर एक चिकटकागद: जे वाया ते नारिंगी, जे उपयोगाचे ते हिरवे.

कागद चिकटवणे सोपे होते. ज्यांच्या कामावर नारिंगी कागद पडले ती माणसे रोज त्याच भिंतीवरून जात, हे कठीण होते.

“काय हो इंजिनिअर, आम्हाला चाकं कधी बसवताय?” परिचारिका विचारत.

“त्याआधी तेलपाणी करतील,” दुसरी म्हणे. “शिंकले तरी घड्याळ लावतात.”

तो हसण्याचा प्रयत्न करी; ओठ थंडीने फुटलेले असत, ते अधिक फुटत. आत त्याला वाटे, यांना आज ना उद्या कळेल. पद्धत कुणाच्या विरुद्ध नसते. हे वाक्य त्याला फार आवडे. रात्री एकटा असताना तो ते मनात घोळवी, आणि त्याचा गोडवा संपत नसे.

दगडांचा प्रकार झाला आणि उरलेसुरले हसणेही संपले.

छातीच्या विभागात येणारे बहुतेक जुने खाणकामगार, आणि त्यांच्या बायका. नंबर मिळावा म्हणून ते आदल्या संध्याकाळीच येत. पण ओरुरोच्या रात्री उघड्यावर उभे राहणे म्हणजे मरणच. म्हणून प्रत्येक जण रांगेत आपला एक दगड ठेवून जाई. कुणाच्या दगडाला लाल चिंधी, कुणाच्या दगडाखाली टोपी, कुणाचा नुसताच, पण खाणीतला, चमकणारा, ओळखू येणारा. दगड रांगेत उभा राही आणि माणूस वळचणीखाली अंग टाकी. दुसऱ्याचा दगड कोणी हलवत नसे. रांगेत भांडणे होत, पण दगडाला हात लावल्याचे कुणी ऐकले नव्हते.

लिम्बेर्तला हे ठाऊक नव्हते असे नाही. तो याच गावचा होता. पण पद्धतीची पहिली पायरी म्हणजे निवड: ज्याचा उपयोग नाही ते बाहेर. त्याच्या डोक्यात मोडक्या खाटा होत्या, जिन्याखालच्या कुजक्या खुर्च्या होत्या. सफाईवाल्या फोर्तुनातोला त्याने सांगितले, “उद्या सकाळपर्यंत ज्याच्यावर इस्पितळाची पाटी नाही ते सगळं उचला.”

“सगळं?” फोर्तुनातोने विचारले होते.

“सगळं.”

पहाटे अंगणात आला तेव्हा त्याला ओरडणे फाटकापासून ऐकू आले. रांग नव्हती. एकमेकांच्या अंगावर चढलेली माणसे होती, आणि मधोमध हातगाडीत दगडांचा ढीग. एक म्हातारी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून आपला दगड शोधत होती, जणू तो सापडला की तिची जागाही सापडेल. आपी, म्हणजे जांभळ्या मक्याचे गरम पेय, विकणारी बाई वाफाळत्या भांड्यामागून हे पाहत होती.

“माझा पहिला होता! आईशप्पथ माझा पहिला होता!”

“तुझा? तू तर मध्यरात्रीनंतर आलास, मेल्या!”

“हा बघा आला,” आपीवाली म्हणाली. “हाच तो. दगड चोरणारा इंजिनिअर. लोक चांदी चोरतात, तांबं चोरतात, यानं धोंडे चोरले.”

“फोर्तुनातो,” लिम्बेर्त पुटपुटला, “मी खाटा म्हटलं होतं.”

“तुम्ही पाटी म्हणालात.” फोर्तुनातो हातगाडीच्या दांड्यावर रेलून शांतपणे बिडी ओढत होता. “मी एकेक दगड उलटून बघितला, साहेब. एकावरही पाटी नव्हती.”

त्या दिवसानंतर कोणी त्याला नावाने हाक मारली नाही. तो ‘दगड’ झाला. आणि तोही, लाजाळू माणसे करतात तसा, उलटून कठोर झाला. ही माणसे मुद्दाम करतात, त्याने ठरवले. नोंदखोलीतली सेगुंदिना, जिला सगळे मानाने ‘दोन्या’ म्हणत, ती तर नक्कीच.

सेगुंदिना ही नोंदखोलीची मालकीणच होती. दोन जाड वेण्या, त्यांवर इस्पितळाचा निळा कोट, आणि गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. फाइली तिने आडनावांवर लावल्या नव्हत्या, नंबरांवरही नाही. खाणींवर लावल्या होत्या. कोण कुठल्या खाणीत होता यावर त्याचा कप्पा. नवी माणसे त्या खोलीत हरवून जात. तिच्या हाताला फाइल सापडे, पण तिचे मन असेल तेव्हा. आणि ज्याने तिच्यासाठी गरम पाव आणला त्याची जरा लवकर सापडे, हेही सर्वांना माहीत होते. तिच्या खिडकीवर लिम्बेर्तने पाच नारिंगी कागद लावले. तिने ते एकेक काढून आपल्या चहाच्या पेल्यावर चिकटवले.

“रंग छान आहे,” ती म्हणाली. “माझ्या नातीच्या झग्याला जाईल.”

“दोन्या, फाइल शोधायला लागणारा वेळ हा रुग्णाचा वाया जाणारा वेळ आहे.”

“आणि तो हिरवा? तो कुणाचा?”

पट्ट्यावर चार नंबरच्या दारापाशी एक हिरवा कागद होता. बाकी सर्व टप्प्यांवर त्याने स्वच्छ अक्षरात वेळ लिहिली होती. यावर नुसते ‘वैद्यकीय तयारी’ असे दोन शब्द होते. तो त्याने पहिल्याच दिवशी लावला होता, आणि लावताना हात किंचित थांबला होता, एवढेच. त्यानंतर त्या जागेवरून त्याची नजर पाण्यावरून वारा जावा तशी जाई.

“ते डॉक्टरांचं काम आहे,” तो म्हणाला. “ते उपयोगाचं आहे.”

“असेल बाई,” सेगुंदिना म्हणाली, आणि खिडकीचे झाकण खाली ओढले.

चार नंबरमधले डॉक्टर आर्सेनिओ विल्यारोएल हे त्याचे पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, होते. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनीच त्याला हातांवर धरले होते. त्याचा बाप खाणीतून छाती पोखरून आला आणि लवकर गेला. त्यानंतर शाळेचे बूट पाद्रिनोंनी घेतले, विद्यापीठाची फी त्यांनीच भरली, आणि पदवीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे बोटात अंगठी घातली तीही त्यांनीच. ती अंगठी अजून त्याच्या बोटात होती. थंडीत ती सैल होई. आणि ते वाईट माणूस नव्हते. एकदा खुर्चीत बसले की शेवटची छाती ऐकल्याशिवाय उठत नसत. म्हाताऱ्यांच्या पाठीवर हात ठेवण्यापूर्वी तो तोंडाच्या वाफेने ऊबदार करत. शुक्रवारी सर्वांसाठी साल्तेन्यांची, मांस भरलेल्या रसाळ करंज्यांची, पेटी आणत. त्यामुळे इस्पितळात कोणी त्यांच्याविषयी काही बोलत नसे, आणि न बोललेले सगळे लिम्बेर्तच्या वाट्याला येई.

संचालिका डॉक्टर ग्लादिस यांनी पहिल्या सहामाहीची बैठक बोलावली तेव्हा टेबलाच्या मध्यभागी तीच पेटी होती, आणि खोलीभर गरम मांसाचा आणि तिखटाचा वास. राजधानीतले लोक लवकरच पाहणीला येणार होते. छातीच्या विभागातले ताटकळणे काही कमी झाले नव्हते, आणि ग्लादिसबाई तो वास घेण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या.

“इंजिनिअर, तुमच्या पद्धतीत पाच वेळा ‘का’ विचारतात ना? मी विचारते. चार नंबरसमोर माणसं का खोळंबतात?”

“तपासणी सुरू व्हायला उशीर होतो म्हणून.”

“का?”

इथे वाट दोन दिशांना फुटत होती. लिम्बेर्तला ते स्पष्ट दिसले, जसे अंधारात पायरी चुकताना शेवटच्या क्षणी दिसते. समोर पाद्रिनो बसले होते; रस सांडू नये म्हणून साल्तेन्या उभी धरून तिचे टोक चावत होते. त्यांनी त्याच्याकडे पाहून प्रेमाने मान हलवली. बोल पोरा.

“फाइली खोलीपर्यंत वेळेवर पोचत नाहीत म्हणून,” लिम्बेर्त म्हणाला.

“का?”

“त्या लावायची पद्धत एकाच माणसाच्या डोक्यात आहे म्हणून.”

“का?”

“दोन्या सेगुंदिना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.”

कोणी तरी हसले. ते हसणे चांगले नव्हते. सेगुंदिना दाराजवळ उभी होती. कारकुनांना त्या टेबलाशी खुर्ची नसे.

“वड्याचं तेल वांग्यावर,” ती म्हणाली. “डॉक्टरबाई, फाइल पहाटे पोचली तरी ती दाराबाहेरच बसणार. फाइलीला काय दाराची किल्ली असते?”

“सेगुंदिना, विषय फाइलींचा आहे.”

“मग मी गप्प बसते. साहेबांना तो हिरवा कागद तेवढा मोठ्यानं वाचायला सांगा.”

परिचारिका आपापल्या नखांकडे पाहू लागल्या. लिम्बेर्तच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“वैद्यकीय तयारी,” त्याने वाचले.

“अगं सेगुंदिना,” डॉक्टर विल्यारोएल हसत म्हणाले, आणि पेटी तिच्याकडे सरकवली, “भांडण नंतर कर. गरम आहे तोवर खा.”

तिने पेटीकडे पाहिलेसुद्धा नाही. ग्लादिसबाईंनी वही मिटली. “पुरे. कळलं मला.”

पाचवा ‘का’ कोणी विचारलाच नाही.

आठवड्याभरात सेगुंदिनाच्या बदलीचा हुकूम आला. दूर मिठाच्या पठाराच्या कडेला, सरहद्दीजवळच्या एका आरोग्यचौकीत. ती लिम्बेर्तला अंगणात गाठून उभी राहिली. ती विनवणी करायला आली असेल, असे त्याला क्षणभर वाटले, आणि दया दाखवायची तयारीही त्याने केली.

“माझा नवरा मशीनवर श्वास घेतो,” ती म्हणाली. “माहीत आहे?”

“नाही.”

“कसं असणार! तुमच्या पट्ट्यावर तो नाही. तिथं दुपारी वीज जाते ती कधी येते देव जाणे. त्याला नेता येत नाही. म्हणजे मी तिथं आणि तो इथं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, नोकरी सोडली तर निवृत्तिवेतन बुडतं. तो हिरवा कागद काढ. मी तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही.”

“दोन्या, पद्धत कुणाच्या विरुद्ध नसते.”

“पद्धत नसते रे. तू आहेस.”

तिने ‘साहेब’ सोडून ‘तू’ कधी धरले, ते त्याला तेव्हा कळले.

“फाइली उशिरा येतात, हे खरं आहे की नाही?” त्याने विचारले. त्याचा आवाज चढला होता. स्वतःचा चढलेला आवाज त्याला परका वाटला. “पाव घेऊन फाइल पुढे काढता, हे खरं की नाही?”

“खरं. घेते पाव. आणि तुझी आई डॉक्टरच्या खासगी दवाखान्याची पायरी पुसते, हेही खरं. इथं माणसं कुडकुडत असतात तेव्हा त्या पायरीवर कुणाचे बूट असतात, विचार तिला. का तुलाच माहीत आहे?”

“मला त्याच्याशी कर्तव्य नाही.”

“आहे,” सेगुंदिना म्हणाली. “म्हणूनच तो कागद हिरवा आहे.” आणि ती त्याच्या बुटांपाशी थुंकली, बुटांवर नाही, अगदी शेजारी, मोजून.

त्या संध्याकाळी त्याची आई एर्मिनिया चुलीपाशी बसून बटाट्यांची साले काढत होती. दवाखान्यातल्या फिनेलने तिच्या हातांची बोटे पांढुरकी झाली होती. चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेले बटाटे, भिजत घातलेल्या पातेल्यात दिव्याचा उजेड हलत होता.

“आई, पाद्रिनो सकाळी किती वाजेपर्यंत असतात तिथं?”

तिची सुरी थांबली.

“कोण विचारतंय? तू का इस्पितळ?”

“मीच.”

“मग ऐक. मी त्यांना सकाळचा चहा देते. ते बाहेरच्या पैसेवाल्यांना तपासतात. त्या पैशातून तुझी पुस्तकं आली, माझा पगार येतो, हे छप्पर आलं. खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस, लिम्बेर्त. जगाचं काय हवं ते मोज.”

“मी कुठे काय मोजतोय.”

“तेच बरं आहे,” ती म्हणाली, आणि साल पुन्हा लांब, न तुटता, तिच्या मांडीवर उतरू लागली. दोघांनीही त्यानंतर बटाट्यांविषयी बोलायचे ठरवल्यासारखे बटाट्यांविषयी बोलून घेतले. रात्री त्याने आपले आवडते वाक्य मनात आणून पाहिले. ते आले, पण त्याला चव नव्हती.

सेगुंदिना गेली. जाताना तिने किल्ल्यांचा जुडगा संचालिकाबाईंच्या टेबलावर ठेवला नाही. खाकी पट्ट्याखाली खिळा ठोकून तिथे अडकवला. तिच्या जाण्याने इस्पितळ जणू एका बाजूने गार झाले. लिम्बेर्त जेवायला बसे ते टेबल रिकामे होई. त्याच्या कोटाच्या खिशात कोणी तरी रोज एक खडा टाकत असे. तो रोज तो काढून खिडकीत ठेवी.

आणि त्याने काम केले. एखाद्याला रडायचे असावे आणि तो घर घासत सुटावा, तसे केले. नोंदखोली पुन्हा लावली. कप्प्यांना रंग दिले, दोन नवे कारकून शिकवले. अंगणात छप्पर घातले, त्याखाली नंबर घातलेल्या खुर्च्या मांडल्या. नंबर आता आदल्या दुपारीच मिळू लागले, त्यामुळे दगड गेले आणि वळचणीखालची माणसेही गेली. वजन आणि रक्तदाब खुर्चीपाशीच घेऊ लागले. फाइली आता ऊन पन्हळीपर्यंत यायच्या आत चार नंबरच्या दाराशेजारच्या फळीवर, ज्या क्रमाने माणसे बसली त्याच क्रमाने, उभ्या असत. पट्ट्यावरचे नारिंगी कागद एकामागून एक गळून पडले. शेवटी सगळी वाट पानगळीनंतरच्या झाडासारखी मोकळी झाली, आणि तिच्यात एकच पान राहिले, हिरवे.

ग्लादिसबाई खूश होत्या. “राजधानीची मंडळी बघतच राहतील,” त्या म्हणाल्या.

ज्या सकाळी मंडळी यायची होती त्या सकाळी तो लवकर आला. दहिवर पडले होते. छपराखाली खुर्च्यांवर माणसे ओळीने बसली होती, शांत, घोंगड्यांत, वजने झालेली, रक्तदाब घेतलेली. कुणाच्याही जागेविषयी वाद नव्हता. अंगण इतके नीटनेटके होते की त्याला त्याची भीती वाटली. उजेड भिंतीच्या माथ्यावर टेकला होता. सगळे मान वर करून त्याकडे पाहत होते, अगदी पूर्वीसारखे.

दुसऱ्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. शेजारी चाकांवर प्राणवायूची नळकांडी, नाकात नळी, मांडीवर टोपी. शेजारीण त्याला धरून होती.

“हे दॉन प्रिमितिवो,” फोर्तुनातो झाडू थांबवून म्हणाला. “सेगुंदिनाचा नवरा. घरी मशीन आहे, पण बाहेर पडायला लागते ती ही महिन्याची नळकांडी संपत आली. नव्या नळकांडीच्या कागदावर सही लागते.” मग खास लिम्बेर्तसाठी, “बायको असती तर तिनं काल संध्याकाळीच डॉक्टरांच्या मोटारीपाशी उभं राहून घेतली असती. तिची ती पद्धत होती.”

लिम्बेर्तने नळकांडीच्या काट्याकडे पाहिले. काटा लाल पट्टीच्या अगदी काठावर होता.

“भांडारातून एक आणा,” तो म्हणाला. “आत्ता. सही मागून घेऊ.”

फोर्तुनातो गेला आणि रिकाम्या हातांनी परतला. “नाही म्हणतात. सहीशिवाय काही बाहेर जायचं नाही, असं तुम्हीच त्यांच्या भिंतीवर लावलंय म्हणतात. रंगीत अक्षरात. फार तर तातडीच्या विभागात न्या म्हणतात, पण तिथंही चार नंबरच्या डॉक्टरांनाच बोलावतील.”

ऊन पन्हळीवर आले. वाफेची दोरी वर गेली. पोपडे उजळले, एकेक, आपापल्या सावलीसह.

“पोरा,” दॉन प्रिमितिवो म्हणाला. शब्द एकेक करून, मधे श्वासासाठी जागा ठेवून येत होते. पण त्यांत विनवणी नव्हती, जुना खाणकामगार नव्या मुकादमाला विचारतो तसा धारदार उपहास होता. “तो दगड तूच ना? माझी फाइल कुठे आहे?”

“दाराशी आहे, दॉन प्रिमितिवो. दुसऱ्या नंबरवर. तुम्ही यायच्या आधीपासून.”

“म्हणजे फाइल आहे.”

“आहे.”

“वजन घेतलं. दाब घेतला. बायकोलाही घेतलंत, मीठ खायला पाठवलंत.” त्याने श्वास घेतला, नळीत बारीक शीळ वाजली. “मग आता कशासाठी थांबलोय?”

“तपासणी सुरू व्हायची आहे.”

“का?”

लिम्बेर्तने वर पाहिले. ऊन दाराच्या कपाळाशी आले होते. वरची बिजागरी उजळू लागली होती. बिजागरीपासून आकड्यापर्यंत, आकड्यापासून कुलपापर्यंत किती वेळ लागतो हे त्याला घड्याळाशिवाय ठाऊक होते. इतक्या सकाळी त्याने दुसरे काय पाहिले होते? गावाच्या दुसऱ्या टोकाला या क्षणी त्याची आई ओल्या फडक्याने पायरी पुसत असेल, आणि पायरीच्या कडेला, डाव्याच्या शेजारी उजवा, चकाकते काळे बूट असतील. शाळेत जायच्या दिवसांत तो त्या बुटांना पॉलिश करत असे. तो जाई तेव्हा ते तिथे असत. उशीर झाला म्हणून धावत निघे तेव्हाही असत.

फाटकापाशी मोटारींची दारे वाजली. राजधानीची मंडळी आली होती. ग्लादिसबाईंचा पाहुण्यांसाठीचा आवाज व्हरांड्यातून जवळ येत होता. “आणि हा आमचा छातीचा विभाग...”

खुर्च्यांवरची सगळी माणसे आता भिंतीकडे नाही, त्याच्याकडे पाहत होती. सेगुंदिना नव्हती. दगड नव्हते. फाइली उभ्या होत्या. ज्यावर बोट ठेवावे असे अंगणात काहीच उरले नव्हते. त्यानेच उरू दिले नव्हते. बोटातली अंगठी थंडीने सैल झाली होती, आणि ती पडू नये म्हणून त्याने मूठ मिटून घेतली होती.

“का रे?” दॉन प्रिमितिवोने पुन्हा विचारले.

पाहुणे छपराखाली येऊन थांबले. या वेळी लिम्बेर्तने म्हाताऱ्याच्या खांद्याकडे नाही, डोळ्यांकडे पाहिले.

“डॉक्टर उशिरा येतात,” तो म्हणाला. “रोज.”